अँटिस्टॅटिक किचेन : दिवाळी ते शिगमा वापरल्यानंतरचा अनुभव

दिवाळीच्या सुमारास ऑनलाइन मागवलेले अँटिस्टॅटिक (अंगावरच्या स्थिर विद्युतभाराचा झटका टाळणारे) किचेन शिगमा होऊन गेला तरी रोज माझ्या खिशात असते, तेव्हा त्याविषयी आता खात्रीने लिहिता येईल. वस्तू सांगितलेले काम करते. मात्र तिच्यावाचून अडावे असे तिच्यात फारसे काही नाही, असे माझे मत झाले आहे.

बोटभर लांबीच्या प्लास्टिकच्या नळीत मोठ्या मूल्याचा रेझिस्टर (वीजप्रवाहाला अडवणारा भाग) आणि बारीकसा निऑन दिवा, एका टोकाला वीजवाहक रबराची टोपी आणि मुठीत येणारी धातूची पट्टी, एवढीच तिची रचना आहे. पट्टीवर अंगठा ठेवून टोपी गाडीच्या दाराला टेकवली की निऑन क्षणभर तांबूस चमकतो आणि अंगावर साठलेला विद्युतभार रेझिस्टरमधून सावकाश निघून जातो, त्यामुळे बोटावर ठिणगी पडत नाही. असा झटका साधारण 3,000 व्होल्टच्या पुढे जाणवू लागतो. आकडा भीतीदायक वाटला तरी भार अत्यल्प असल्याने जिवाला धोका नसतो. घरची किल्ली मुठीत घट्ट धरून तिचे टोक दाराला लावले तरी ठिणगी किल्लीवर पडते आणि हाताला काही कळत नाही. मी दोन्ही आलटूनपालटून वापरून पाहिले आणि चमकणारा दिवा सोडल्यास फरक आढळला नाही.

गाडीच्या बाबतीत तर किचेनपेक्षा सवय अधिक उपयोगी पडली. सीटच्या पॉलिएस्टर कव्हरला पाठ घासून आपण उठतो त्या क्षणी भार अंगावर राहतो, म्हणून सीटवरून उठण्याआधीच दाराच्या उघड्या धातूला हात लावावा आणि पाय जमिनीवर टेकेपर्यंत तो सोडू नये. गाडीखाली लोंबणाऱ्या रबरी पट्टीने हे साधत नाही, कारण भार आपल्या अंगावर असतो. पेट्रोल पंपावर मात्र ही सवय केवळ सोयीची राहत नाही, कारण पेट्रोलची वाफ पेटायला अगदी लहान ठिणगीही पुरते. टाकी भरत असताना गाडीत जाऊन बसू नये आणि उतरल्यावर नळाच्या आसपास जाण्यापूर्वी गाडीच्या पत्र्याला हात लावावा.

आपल्याकडे गोव्यात पावसाळ्यात हा त्रास जवळजवळ नसतोच. डिसेंबर-जानेवारीत रात्री आणि सकाळी जमिनीकडून कोरडा वारा येतो, तेव्हा तो सुरू होतो, आणि किनाऱ्यापेक्षा आत वाळपईच्या बाजूला अधिक जाणवतो. माझा मुख्य त्रास पणजीला पाटोवरच्या वातानुकूलित कार्यालयात होता, जिथे कृत्रिम धाग्याचा गालिचा आहे. सापेक्ष आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली गेली की भार लवकर साठतो. तिथे सुती कपडे आणि चामड्याच्या तळव्याची पादत्राणे घालू लागल्यावर फरक पडला. याच विक्रेत्याकडे बिनतारी मनगटी पट्टाही मिळतो. (जाहिरातीत त्याला रक्ताभिसरण सुधारण्याचेही श्रेय दिले आहे, त्याबद्दल न बोललेले बरे.) मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जो पट्टा वापरतात त्याला 1 मेगाओहमच्या रेझिस्टरसह अर्थिंगची तार जोडलेली असते, तारच नसेल तर भाराला जायला वाट कुठून मिळणार?

एक गोष्ट या किचेनच्या वापरकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावी. फ्रिज, वॉशिंग मशीन किंवा गिझरच्या नळाला हात लावल्यावर एकदाच 'टच्' न होता मुंग्या आल्यासारखे सतत जाणवत असेल, तेही ओलसर दिवसांत, तर तो स्थिर विद्युतभार नसून गळणारा वीजप्रवाह असण्याची शक्यता मोठी आहे आणि तो जीव घेऊ शकतो. तिथे किचेन लावून पाहण्याचा मोह धरू नये. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे, अर्थिंग तपासून घ्यावे आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला आहे की नाही ते पाहावे. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायला बहुतेक घरांतून विसरतात, आणि चिऱ्याची कोरडी जमीन वीज नीट वाहून नेत नाही.