सिगचेक: डीएलएल खरी की कुठून तरी आणून टाकलेली, ते सांगणारं फुकटचं टूल

मावसभावाच्या दुकानातलं बिलिंगचं सॉफ्टवेअर एके दिवशी उघडेचना, एमएसव्हीसीपी१४० नावाची डीएलएल (प्रोग्रामला चालायला लागणारी मदतनीस फाइल) सापडत नाही असा एरर, आणि त्याने काय केलं तर गूगलवर जी साइट पहिली दिसली तिथून ती फाइल उतरवून फोल्डरमध्ये टाकून दिली. सॉफ्टवेअर चालू झालं पण मला काही चैन पडेना, कारण नाव काय, कुठल्याही फाइलला देता येतं.

अशा वेळी मी सिसइंटर्नल्स या टूलसंचातलं सिगचेक वापरतो. मायक्रोसॉफ्टचंच आहे, फुकट आहे, इन्स्टॉल करायचं नाही, झिप उघडली की झालं. कमांडमध्ये एच लावला की एमडी५, शा१, शा२५६ सगळे हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारे तिचे ठसे) समोर येतात आणि व्ही लावला की तोच हॅश व्हायरसटोटल या फाइली तपासणाऱ्या साइटला विचारला जातो, म्हणजे फाइल बाहेर जात नाही, फक्त हॅश जातो, हे मला फार आवडतं (व्हीएस लावलंत तर मात्र अनोळखी फाइल अपलोड होते, ऑफिसच्या फाइलींवर ते अजिबात करू नका). भावाच्या डीएलएलवर व्हेरिफाइडच्या पुढे आलं अनसाइन्ड, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीची डिजिटल सहीच नाही! लगेच उडवली, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रिडिस्ट्रिब्युटेबल (ही डीएलएल ज्यातून येते तो संच) टाकलं, परत चेक केलं तर साइन्ड, पब्लिशर मायक्रोसॉफ्ट. तेव्हा कुठे जीवात जीव आला.

विंडोजमध्ये हॅश काढायला सर्टयुटिल असतंच, पण ते शा२५६ मागितला तर नुसता ६४ अक्षरी हॅश देऊन मोकळं होतं, तो जुळवायचा कशाशी? अपडेट आला की सिस्टमच्या फाइली बदलतात आणि हॅशही बदलतो, त्यामुळे हॅश ओळखीच्या फाइलींच्या यादीत नाही म्हणजे फाइल वाईट असं नसतं. शिवाय विंडोजच्या बऱ्याच फाइलींची सही वेगळ्या कॅटलॉग फाइलमध्ये असते, प्रॉपर्टीजमध्ये दिसत नाही आणि लोक उगाच घाबरतात, सिगचेक तो कॅटलॉगही बघतं.

एक मात्र सांभाळा. ६४ बिट विंडोजवर सिस्टम३२ फोल्डरमध्ये ६४ बिटच्या फाइली असतात आणि सिसवॉव६४ मध्ये ३२ बिटच्या, हो, उलटंच आहे. मी एकदा दुसऱ्याच एका जुन्या ३२ बिट टूलने सिस्टम३२ मधल्या कर्नल३२ या डीएलएलचा हॅश काढला तर विंडोजने गुपचूप सिसवॉव६४ मधली फाइल पुढे केली आणि हॅश जुळेना म्हणून मी अर्धा दिवस घालवला. म्हणून झिपमधलं ६४ वालंच चालवा.

तक्रार एकच, सगळं काळ्या विंडोत टाइप करावं लागतं, नवख्या माणसाला जड जातं. भावाला मी पूर्ण कमांड वहीत लिहून दिलीये, पहिल्या वेळी व्हीटी पण लावायचं, नाहीतर व्हायरसटोटलच्या अटी मान्य आहेत का विचारत थांबून राहतं.