कोरडवाहू कपाशीला जस्त (झिंक): जमिनीतून की फवारून?

ठाण्यात राहून यवतमाळकडची कोरडवाहू कपाशी सांभाळणाऱ्याने हा हिशेब जरा वेगळा मांडावा. गावात राहणाऱ्याला दोन्ही मार्ग सारखेच सोपे, आपल्याला नाहीत.

फवारणीची बाजू तशी भक्कम आहे. चुनखडीच्या भारी जमिनीत जस्त, लोह असूनही पिकाच्या हाती लागत नाही. पानावर मारलं की जमिनीशी झगडाच संपला. ग्रेड 2 म्हणजे फवारणीच्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या तयार मिश्रणात बोरॉन-मॉलिब्डेनमसकट सगळं एकत्र येतं. नुसतं झिंक सल्फेट 0.5 टक्का मारायचं तर त्याच्या निम्मा चुना भिजवून वरची निवळी घालायची, नाहीतर पानं करपतात. चिलेटेड झिंकला (सेंद्रिय रेणूत बांधलेल्या जस्ताला) ही भानगड नाही, पण खिसा हलका होतो.

माझं घोडं अडलं ते दिवसापाशी. फवारणी हवी पाते (कळ्या) आणि फुलं लागताना, म्हणजे ऑगस्टच्या आसपास. पावसाने खंड दिला की कपाशी दुपारी माना टाकते, तेव्हा मारण्यात अर्थ नाही. झड लागली की मारलेलं धुऊन जातं. मधे उघडीप मिळाली की अख्खं गाव पंप पाठीला लावतं आणि आपल्याला माणूस मिळत नाही. मी घोडबंदर रोडच्या धो धो पावसात फोन कानाला लावून तिकडचं आभाळ विचारतो आणि शेत पाहणारा म्हणतो, "भाऊ, उद्या अळीचं औषध मारतोच आहो, त्यातच टाकून देतो." इथे मी थांबतो. जस्त काही विष नव्हे. पण पंपात काय कशात कालवलं हे इथून कोण बघणार? 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हापासून "त्यातच टाकतो" याला माझा होकार नसतो.

जमिनीतून द्यायचं तर एकरी 10 किलो झिंक सल्फेट, कुजलेल्या शेणखतात आठवडाभर मुरवून, पेरणीच्या वेळी. डीएपी खताच्या घमेल्यात मात्र नको, त्यातल्या स्फुरदाशी (फॉस्फरसशी) जुळून जस्त अडकतं. पोतं पक्क्या बिलावर घ्या. मॅग्नेशियम सल्फेटची भेसळ डोळ्यांना ओळखू येत नाही. जूनमध्ये विदर्भ एक्स्प्रेसने गावी जाणं होतंच, त्यामुळे काम समोर उभं राहून होतं. शिवाय एकदा दिलेलं दोन-तीन हंगाम पुरतं. ओल नसेल तर मुळांना तेही मिळत नाही, हे कबूल.

मोजमाप काही केलेलं नाही. जमिनीतून द्यायला लागल्यापासून शेंड्याकडची पानं बारीक राहणं, शिरांमधला पिवळेपणा कमी दिसतो, इतकंच. पाऊसही त्या वर्षांत बरा होता, तेव्हा सगळं श्रेय जस्ताला देऊ नये.

फेरस सल्फेट मात्र जमिनीत घालू नका, चुनखडीत ते लवकरच निकामी होतं; लोह फवारूनच. लाल्यासाठी, म्हणजे पानं लाल पडतात त्यासाठी, 1 टक्का मॅग्नेशियम सल्फेटही पानावरच. भाऊ गावात असेल आणि पंप घरचा असेल तर जस्तही खुशाल फवारा. नाहीतर आधी माती तपासून घ्या: जस्त 0.6 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 0.6 भागाच्या) खाली असेल तर पोतं जूनच्या आधी गावी पोचवा, वर असेल तर यंदा दोन्ही खर्च टाळा.