‘पुणे विभाग’ या दोन शब्दांनी अडवलेली चटणी : करार लिहून देणाऱ्या वकीलबाईंचा अनुभव

आमचा शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा धंदा आहे. मी आणि माझी जाऊ मिळून सोलापुरात बाळीवेशीतल्या घरातूनच करतो. चटणी अजून उखळातच कुटतो, त्यामुळे माल थोडा पण मागणी बरी. पुण्याचा एक वितरक मिळाला तेव्हा करार मीच लिहिला. नेटवरचा नमुना उतरवला, नावं बदलली, ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर छापून सह्या घेतल्या. स्टॅम्पवर आहे म्हणजे पक्कं, असं मला मनापासून वाटत होतं.

त्यात मी लिहिलं होतं, ‘पुणे विभागात आमचा माल फक्त आपणच विकाल.’ माझ्या डोक्यात पुणे शहर होतं. सहा महिन्यांनी सोलापूरच्याच नवी पेठेतल्या एका दुकानाची ऑर्डर आम्ही घेतली आणि वितरकाचा फोन आला, "ताई, पुणे विभागात सोलापूर पण येतं. करार वाचा." खरंच येतं. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर, सरकारी हिशोबात पाच जिल्ह्यांचा तो विभाग. म्हणजे माझ्याच गावात मलाच माल विकायची बंदी, तीही माझ्याच हातची. वर त्यांनी ३८ हजारांचं बिल अडवून धरलं.

त्यानंतर सात रस्त्याजवळच्या या वकीलबाईंकडे गेले. त्यांचं काम कसं आहे ते इथे सविस्तर लिहिते, कारण माझ्यासारख्या बायका सोलापुरात खूप आहेत.

त्यांनी करार माझ्याच हातात देऊन मोठ्याने वाचायला लावला. प्रत्येक कलमाला एकच प्रश्न, "म्हणजे काय?" चौथ्या कलमाला मी गप्प झाले. वाद झाल्यास दिल्लीचं न्यायालय, असं नमुन्यातलं वाक्य तसंच राहिलं होतं. आमच्या व्यवहाराचा दिल्लीशी काडीचा संबंध नाही, म्हणून ते कलम टिकणार नाही, पण तेवढं ठरवण्यातच वर्ष जाईल, असं त्यांनी सांगितलं. मग पेन्सिल खाली ठेवून विचारलं, "भाकरी वाटेत मोडली तर कोणाची?" इतके दिवस धंदा करून ही गोष्ट मी करारात घातलीच नव्हती! नमुना लिहिणाऱ्याला कडक भाकरी माहीत असायचं कारण नाही, मला होती.

पैशांचंही तसंच. मी ९० दिवसांची उधारी कबूल केली होती. आमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधीपासून आहे. अशा लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, असा २००६ चा कायदा आहे. हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी लिहिलेली नोटीस दीड पानाची होती, एकही धमकी नव्हती. बारा दिवसांत ३८ हजार जमा झाले.

नव्या करारात ‘विभाग’ हा शब्दच नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांची हद्द, एवढंच. नोटीस आणि करार मिळून सहा हजार फी घेतली. आधी जड वाटली, आता वाटत नाही. तक्रारी दोन. कोर्टाच्या वेळेत फोन अजिबात उचलत नाहीत, आणि कच्चा मसुदा सांगितल्यापेक्षा आठ दिवस उशिरा आला. घाईचं काम असेल तर सकाळी दहाच्या आत गाठा. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. सासूबाईंना सहीसाठी न्यायचं होतं तेव्हा बाई स्वतः खाली उतरून आल्या, हेही सांगायला हवं.

तुमच्याकडे असा घरी लिहिलेला कागद असेल तर नवी ऑर्डर घ्यायच्या आधी त्यांना दाखवा. नुसतं वाचून सांगायचे त्या पाचशे घेतात.

मागच्या आठवड्यात पुण्याच्या पेटीत चौदा भाकरी मोडल्या. माल पोचला त्याच दिवशी वितरकाने फोटो पाठवला, बिलातून चौदा भाकरींचेच पैसे वजा केले, आणि त्यावरून एक शब्दही वाढला नाही.