ट्रेलरचा उंबरठा आणि साडेसात इंचांचा हिशेब

ओहायोतील कोलंबसजवळ राहू लागल्यापासून आमच्या सुट्ट्यांचा बराचसा काळ एका मध्यम आकाराच्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या चाकांवरच्या घरात, जातो. पुण्याहून आई उन्हाळ्यात आली की तीही बरोबर असते. ट्रेलर सपाट जागी उभा असताना त्याच्या दाराचा उंबरठा जमिनीपासून ३० इंचांवर येतो. त्याला मुळात बसवलेल्या, सांगाड्याखाली सरकणाऱ्या घडीच्या दोन पायऱ्या प्रत्येकी आठ इंच खाली उतरत असत, त्यामुळे खालच्या पायरीपासून जमिनीपर्यंत तब्बल १४ इंचांची उडी उरत असे. बाहत्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे दुखणाऱ्या बाईला ही उडी जमणे शक्य नव्हते. आम्ही पायरीसमोर प्लॅस्टिकचे स्टूल ठेवू लागलो. पण खडीवर ते डुगडुगत असे आणि उतरताना ते नेमके कुठे आहे, हे पाठमोऱ्या आईला दिसत नसे.

पायऱ्या बदलायचे ठरवल्यावर चौकशी केली, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाने पायऱ्यांच्या हलण्याविषयीच सांगितले. ती तक्रार खरी आहे. जुन्या पद्धतीच्या पायऱ्या सांगाड्याला बोल्टने टांगलेल्या असतात आणि त्यांना खालून कसलाही आधार नसतो. माणसाचे सगळे वजन बिजागऱ्यांवर आणि त्यांच्या रिव्हेटांवर येते, शिवाय ट्रेलरच्या स्प्रिंगाही दबतात, म्हणून पाय ठेवताच सगळे घर किंचित झुकते. ओहायोच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ त्यांच्यावर उडून गंज चढतो, तो वेगळाच. यावर स्वस्त उपाय म्हणजे खालच्या पायरीखाली लावायचा, स्क्रूने कमीजास्त उंच होणारा टेकू. कॅम्कोसारख्या कंपन्या असे टेकू विकतात, आणि ज्यांची तक्रार फक्त हलण्याची आहे त्यांनी त्याहून अधिक खर्च करू नये, असे माझे मत आहे. आमचा प्रश्न मात्र १४ इंचांचा होता, आणि टेकूने पायरी घट्ट झाली तरी ती जमिनीच्या जवळ येत नाही. सांगाड्याखालीच तीन पायऱ्यांची घडी बसवता येते, परंतु ती जितकी लांब तितकी अधिक लोंबते आणि प्रवासात तळाला अधिक जागा अडवते.

दुसरा प्रकार कात्रीसारख्या उघडमिट होणाऱ्या पायऱ्यांचा. टॉर्कलिफ्ट या वॉशिंग्टन राज्यातील कंपनीच्या ग्लोस्टेप पायऱ्या या घडणीसाठी ओळखल्या जातात. त्यांच्या कडांना अंधारात उजळणाऱ्या पट्ट्या असतात, आणि रात्री शौचालयाकडे जाणाऱ्या माणसाला त्यांचे मोल विचारावे. पिकअपवर चढवलेल्या कॅम्परचे दार फार उंच असते आणि तिथे ही रचना शोभते; आमच्या मोजक्या उंचीला तिची गरज वाटली नाही.

उरल्या त्या दाराच्या चौकटीत बसून जमिनीवर टेकणाऱ्या पायऱ्या. लिपर्टच्या सॉलिडस्टेप आणि मोररायडच्या स्टेपअबव्ह ही त्यांतील दोन प्रसिद्ध नावे. दोन्ही कंपन्या इंडियानातील एल्कहार्टच्या आहेत, आणि अमेरिकेतील ट्रेलरांचा मोठा भाग त्याच परिसरात तयार होत असल्याने अनेक नव्या ट्रेलरांना या पायऱ्या कारखान्यातूनच लावलेल्या मिळतात. पायऱ्यांचा संच उचलून आत, दाराच्या चौकटीत उभा करायचा. मुक्कामाला पोहोचल्यावर तो बाहेर पाडायचा आणि खालचे दोन पाय खिळीच्या भोकांमधून लांबवून जमिनीला टेकवायचे, एवढेच काम असते. दोघींपैकी आमच्या चौकटीच्या मापात बसली ती आम्ही घेतली. मूळ रचनेत मला फार मोठा फरक दिसला नाही आणि निवड शेवटी मापानेच केली.

तीन पायऱ्यांच्या संचात चढ चार होतात: जमिनीवरून पहिली पायरी, मग दुसरी, तिसरी आणि शेवटी उंबरठा. तीस इंच भागिले चार म्हणजे साडेसात इंच. अमेरिकेत घरांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमाण बांधकाम संहितेत पायरीचा चढ पावणेआठ इंचांपेक्षा अधिक नसावा असे म्हटले आहे, म्हणजे आमचे ट्रेलर निदान या एका बाबतीत घरासारखे झाले. पायांना उंचीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, सारखेपणा लागतो. आठ, आठ आणि मग एकदम चौदा या क्रमात शेवटी तोल जाणारच. पायरीच्या रुंदीबाबत मात्र घराशी बरोबरी करू नये. घरातील पायरीवर दहा इंच जागा असावी लागते. इथे ती कमी असते, म्हणून उतरताना पाऊल थोडे तिरपे ठेवावे लागते.

माप घेण्याच्या कामात घाई करू नये. ट्रेलर सपाट जागी उभा करून, आतल्या जमिनीवर पाणसळ ठेवून तो पुढे-मागे आणि आडवा समपातळीत आणावा, आणि मगच उंबरठ्याची उंची टेपने मोजावी. घरासमोरच्या उतारावर घेतलेले माप दोन इंचांनी सहज फसवते. चौकटीची रुंदी जमिनीलगत, दोन्ही बाजूंच्या आतल्या कडांमध्ये मोजावी. आम्हाला एका विक्रेत्याने ट्रेलरच्या मॉडेलचे नाव ऐकूनच माप सांगितले आणि मागवलेला संच परत करावा लागला, कारण आमच्या दाराची चौकट त्याच्या यादीतील मापापेक्षा रुंद निघाली. संच आत उभा राहिल्यावर दाराची आतली मूठ, जाळीचे दार, शेजारचे कपाट किंवा आत ओढलेली स्लाइड (मुक्कामी बाहेर सरकवायचा खोलीचा भाग) यांपैकी काही त्याला अडते का, हेही पुठ्ठ्याचा तुकडा त्या आकारात कापून पाहावे. फिफ्थ व्हीलची, म्हणजे पिकअपच्या हौद्यात जोडून ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरची, जमीन अधिक उंच असल्याने तिथे बहुधा चार पायऱ्या लागतात, आणि जॅकवर उचलून समपातळीत आणल्यावर दार आणखी वर जाते, म्हणून तिथे हे माप जॅक लावल्यानंतरचेच असले पाहिजे.

बसवण्याचे काम मी आणि शेजाऱ्याने एका सकाळी केले. जुने बोल्ट गंजलेले असल्याने ते काढण्यातच निम्मा वेळ गेला. नव्या पट्ट्या उंबरठ्यालगतच्या जमिनीत स्क्रूने आवळायच्या असतात. तेथील प्लायवूड पावसाच्या पाण्याने मऊ झाले असेल तर आधी ते दुरुस्त करावे, कारण कुजलेल्या लाकडात स्क्रू धरत नाही.

या सोयीची किंमत काही शे डॉलरांत संपत नाही. खरी किंमत आपण दाराच्या जागेने मोजतो. पायऱ्या आत उभ्या असताना दार अडलेले असते, त्यामुळे हमरस्त्यावरच्या विश्रांतिस्थळी पाच मिनिटे थांबून आत जायचे असले तरी सगळा संच खाली पाडावा लागतो. पावसाळी मुक्कामानंतर पायऱ्यांना लागलेला चिखल थेट घरात येतो. आम्ही एक कुंचा आणि जुनी सतरंजी दाराशीच ठेवतो. क्रमही चुकवता येत नाही: आधी ट्रेलर समपातळीत, मग पायऱ्या. पाय टेकवलेले असताना जॅक खाली घेतले तर ट्रेलरचे वजन पायऱ्यांवर येते. पायऱ्यांच्या मधल्या मोकळ्या फटींना काही कुत्री बिचकतात असे ऐकले आहे; आमच्याकडे कुत्रे नाही, आईच्या साडीच्या निऱ्या मात्र पायऱ्यांच्या खरखरीत पट्ट्यांना घासतात, म्हणून तिने प्रवासापुरता सलवार-कमीज स्वीकारला आहे. दाराशेजारची बाहेर वळणारी मूठ आधाराला पुरेशी वाटली नाही आणि आम्ही वेगळा कठडा घेतला. कठड्याशिवाय पायऱ्यांचा हा विचार अपुरा राहतो.

ज्यांचा उंबरठा बराच खाली आहे, ज्यांचे गुडघे शाबूत आहेत आणि जे वाटेत वारंवार थांबतात, त्यांनी जुन्याच पायऱ्या ठेवून टेकू लावावा. मुक्काम लांब आणि माणसे वयस्कर असतील, तर चौकटीतल्या पायऱ्यांना पर्याय नाही.

मिशिगनमधील लडिंग्टन राज्य उद्यानात वाळूत पायऱ्यांचे पाय रुतू लागले, तेव्हा त्यांच्याखाली एक फळी घातल्यावर प्रश्न मिटला. ओहायोतील हॉकिंग हिल्सच्या उतारावर मात्र एकदा दाराची बाजू इतकी उंच राहिली की पाय शेवटच्या भोकापर्यंत लांबवूनही जमीन तीन इंच दूर होती. तिथे एकावर एक दोन फळ्या लागल्या आणि आई खात्री करून घेण्यासाठी त्यांवर काठी आपटून मगच उतरली. प्लॅस्टिकचे स्टूल त्या दिवशी शेकोटीशेजारी होते, तिच्या चहाच्या कपाखाली.