गाडी चालवता येते म्हणून रेसिंग सिम (सिम्युलेटर गेम) जमतं का? गिअरवालं व्हील काही महिने वापरल्यावर

नागपुरात वर्धा रोडच्या ट्रॅफिकमधून रोज गाडी काढणारा माणूस रेसिंग सिमच्या व्हीलवर बसला की पहिल्याच लॅपला गवतात जातो. ज्याने आयुष्यात क्लच दाबलेला नाही असा कॉलेजातला पोरगा त्याच्यापुढे सहज निघून जातो. दोन्ही प्रकारची बरीच मंडळी या व्हीलवर बसवून झाली. आता मत पक्कं आहे: रस्त्यावरच्या अनुभवातले डोळे आणि हात बऱ्यापैकी कामी येतात, पाय मात्र जवळपास नव्याने शिकवावे लागतात.

सेटअप मधल्या किमतीचा आहे. दोन मोटरचं, मोटरचा जोर आतल्या दातेरी गिअरमधून हाताला देणारं, ९०० अंश फिरणारं व्हील, तीन पेडल, वेगळा सहा गिअरचा शिफ्टर आणि २४ इंची मॉनिटर. गेम मुख्यतः रेसिंगचा असेटो कोर्सा, जोडीला युरो ट्रक सिम्युलेटर २.

सगळ्यात मोठी अडचण ब्रेकची. रस्त्यावर आपण ब्रेक हलका सुरू करतो आणि थांबायच्या जवळ आलं की वाढवतो. मागच्या सीटवरच्या माणसाला झटका बसू नये, मागून येणाऱ्या ऑटोवाल्याला अंदाज यावा, म्हणून हीच सवय चांगली. ट्रॅकवर नेमकं उलटं. वेग जास्त असताना सुरुवातीलाच जवळजवळ पूर्ण दाब द्यायचा आणि वळणात शिरता शिरता तो हळूहळू सोडत जायचा. विंगवाल्या गाडीत तर याला पर्यायच नाही. वेग उतरला की गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर कमी होतो, टायरची पकड घटते, आणि पाय तेवढाच दाबून ठेवला तर चाकं लॉक होतात, म्हणजे फिरायची थांबून घसरतात. शिवाय लॉक झालेल्या पुढच्या चाकांनी गाडी वळत नाही. अशा वेळी अनुभवी ड्रायव्हर स्टिअरिंग आणखी फिरवतो, म्हणजे चूक दुप्पट. ब्रेक थोडा सोडायचा, हा खरा उपाय.

त्यात पेडलची भर. खऱ्या गाडीत पाय दाब ओळखतो. या किमतीतलं पेडल फक्त किती खाली गेलं ते मोजतं. ते जमवायला पेडल पायाला शक्य तितकं जोरात दाबून पाहा, ती जागा गेममध्ये १०० टक्के धरा, सुरुवातीला २-३ टक्के डेडझोन (गेमने दुर्लक्ष करायचा भाग) द्या आणि ब्रेक गॅमा ही सेटिंग थोडी वाढवा, म्हणजे हलक्या दाबात बारकावा मिळतो. खर्च करायचाच असेल तर महागड्या व्हीलआधी दाब मोजणारं, लोडसेलचं पेडल घ्या.

डाव्या पायाची गोष्ट वेगळीच. पॅडल शिफ्टच्या, म्हणजे स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलायच्या गाडीत क्लच लागत नाही, म्हणून सगळे डाव्या पायाने ब्रेक मारायला सांगतात. पण आपल्या डाव्या पायाला फक्त क्लचची सवय, म्हणजे एकदम तळापर्यंत. पहिल्या काही दिवसांत प्रत्येक ब्रेकला चाकं जाम. म्हणून गाडी येणाऱ्याने आधी माझदा एमएक्स-५ सारखी साधी गाडी, गिअर लिव्हर आणि उजवा पाय यांवरच घोटून घ्यावं. डावा पाय नंतर.

गाडीचा मागचा भाग सरकला हे खऱ्या गाडीत सीटमधून आधी कळतं, डोळ्यांना नंतर. सिममध्ये खुर्ची जागची हलत नाही. उरतं चित्र आणि हातातली ओढ. म्हणून नवखा माणूस काउंटर, म्हणजे उलटं स्टिअरिंग, उशिरा देतो आणि घाबरून जास्त देतो. गाडी उलट्या बाजूला फेकली जाते. खऱ्या गाडीचं स्टिअरिंग घसरताना स्वतःच उलटं फिरतं, पण या व्हीलची ताकद जेमतेम दोन न्यूटन-मीटर आणि गिअरचं घर्षण वर. त्यामुळे ते फिरवायला हातांनी मदत करावी लागते.

फोर्स फीडबॅक, म्हणजे व्हील हाताला देतं ती ओढ, १०० वर ठेवून ‘दमदार’ वाटतं, पण ते फसवं आहे. वळणातला ताण आणि कर्बचा (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्याचा) धक्का दोन्ही कमाल मर्यादेला आपटतात, मग फरकच कळत नाही. असेटोमध्ये पेडलचं अ‍ॅप उघडा. त्यातली फोर्सची पट्टी लाल होत राहिली तर गेन, म्हणजे या ओढीची ताकद, उतरवत जा. फक्त कर्बवर क्षणभर लाल दिसली तर चालेल.

चित्राचा कोन, म्हणजे गेम समोरचा किती भाग दाखवतो ते, बहुतेक लोक लावतच नाहीत. २४ इंची मॉनिटर डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर उभा कोन साधारण २८ अंश येतो. खिडकीतून पाहिल्यासारखं अरुंद वाटतं, आरसे दिसेनासे होतात, पण वेग आणि अंतर खरं वाटायला लागतं. रस्त्यावरचा अंदाज इथे पहिल्यांदा उपयोगी पडतो. व्ही-सिंक (चित्र मॉनिटरच्या गतीशी जुळवणारी सेटिंग) बंद ठेवा, नाहीतर हात आणि चित्र यांत उशीर जाणवतो.

काय थेट चालतं? लांब बघायची सवय, अ‍ॅक्सिलरेटर हळू उघडणं, गिअरचं टायमिंग. युरो ट्रकमध्ये ट्रेलर रिव्हर्स लावताना तर खऱ्या चालकाची हुकूमत लगेच दिसते. उलट दिशेनेही वाट आहेच: गेम खेळणाऱ्यांमधून रेसर निवडणारी जीटी अकॅडमी स्पर्धा २०११ मध्ये जिंकलेला यान मार्डेनबरो गेममधून निघून ले मांसच्या खऱ्या २४ तासांच्या शर्यतीपर्यंत पोचला. पण तो मधल्या काळात खऱ्या ट्रॅकवर रीतसर तयार झाला, हे विसरून कोणी समृद्धीवर प्रयोग करू नये.

आता नागपूरपुरतं. टाइल्सवर पेडल मागे सरकतात आणि चाकांवरची खुर्चीही. नीट ब्रेक मारताच येत नाही. इतवारीतून दीड इंची चौकोनी पाइप आणून वेल्डिंगवाल्याकडून चौकट करून घेतली, वर १८ मिलिमीटर प्लाय. तेवढं जमत नसेल तर पेडल भिंतीला टेकवा आणि खुर्चीची चाकं काढा. नवतप्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या नऊ दिवसांत, कूलरचा झोत व्हीलवर नको. ओलसर हवा आणि धूळ एकत्र बसते.

धुळीचा त्रास पेडलला आधी होतो. पाय ठेवलेला नसताना गेममधली ब्रेकची पट्टी थरथरते, सरळ रस्त्यावर गाडी उगाच मंदावते. लोक गेमला शिव्या देतात; दोष पेडल किती खाली गेलं ते मोजणाऱ्या आतल्या पोटेन्शिओमीटरचा असतो. वॉरंटी संपलेली असेल तर केबल काढा, खालचे स्क्रू खोला, पोटेन्शिओमीटरच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा आणि पेडल पन्नासेक वेळा पूर्ण दाबून सोडा. पूर्ण वाळल्यावरच जोडा आणि कॅलिब्रेशन (पेडलची हालचाल गेमशी जुळवणं) पुन्हा करा. साधं डब्ल्यूडी-४० तिथे मारू नका, तेलकट थरावर धूळ आणखी बसते.