बिलावर नवा बल्कहेड, गाडीत जुनाच

मिनेसोटात स्नोमोबिल, म्हणजे पुढे स्की आणि मागे फिरता पट्टा असलेली बर्फावरची गाडी, चालवणारे किंवा विकत घेण्याच्या विचारात असलेले मराठी लोक आता पुष्कळ आहेत, म्हणून माझा गेल्या हिवाळ्यातला अनुभव सविस्तर लिहितो. चूक थोडी माझीही होती, तीही लिहितो.

डुलुथहून ग्रँड मरेसपर्यंत जाणाऱ्या नॉर्थ शोअर ट्रेलवर जानेवारीत एका वळणावर माझी गाडी घसरून कडेला गेली आणि बर्फाखाली दडलेल्या झाडाच्या बुंध्यावर उजवी स्की आदळली. मला खांद्याच्या मुक्या मारावर सुटका मिळाली. गाडीची उजवी स्की दुमडली होती, तिला धरणारे दोन्ही ए-आर्म वाकले होते, हुड फुटले होते आणि पुढची काच कुठे उडाली ते सापडलेच नाही. वरवर पाहता हे सगळे बोल्ट काढून बदलण्यासारखे सुटे भाग होते. मात्र स्कीला बसलेला धक्का ए-आर्ममधून सरळ बल्कहेडमध्ये जातो. बल्कहेड म्हणजे इंजिनाखालचा ॲल्युमिनियमचा सांगाडा. पुढचे सस्पेन्शन त्यालाच जोडलेले असते आणि मागे तो टनेलला, म्हणजे ज्याच्याखाली पट्टा फिरतो त्या लांब पन्हाळीला, रिव्हेटांनी ठोकलेला असतो. तो वाकला आहे की नाही हे इंजिन उतरवल्याशिवाय नीट दिसत नाही, आणि इंजिन परत बसवले की पुन्हा काहीच दिसत नाही. माझी फसवणूक नेमकी या झाकल्या जागेत झाली.

मिनीॲपोलिसजवळच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी गाडी नेली, तिथल्या माणसाने अत्यंत आपुलकीने सगळे समजावून सांगितले, बल्कहेड वाकल्याचे फोटो काढून इन्शुरन्स कंपनीला पाठवले आणि कंपनीने त्या फोटोंवरच, गाडी प्रत्यक्ष न पाहता, खर्च मंजूर केला. एकूण बिल 6,412 डॉलरचे झाले. त्यात नव्या बल्कहेडचे 1,180 आणि इंजिन उतरवून तो बसवण्याच्या 21 तासांच्या मजुरीचे 2,625 डॉलर होते. माझ्या खिशातून डिडक्टिबलचे 500 गेले. फेब्रुवारीच्या अखेरीस गाडी हातात आली तेव्हा नवे हुड, नवी काच, नव्या स्की असा तिचा थाट पाहून मी खूश झालो आणि काढलेले जुने भाग मागितले नाहीत. सांगलीत वडिलांच्या स्कूटरचा मेकॅनिक साधी क्लचची वायर बदलली तरी जुनी वायर वर्तमानपत्रात गुंडाळून हातात द्यायचा. ते पाहत वाढलेल्या माणसाने इथे विसरावे, याला काय म्हणावे!

पहिल्याच फेरीत हँडल उजवीकडे ओढू लागले. वर्कशॉपने फोनवर सांगितले की नव्या स्की आहेत, रुळतील. त्यानंतर दोनशे मैलांत दोन बेल्ट, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या क्लचकडून मागच्या क्लचकडे नेणारे रबरी बेल्ट, जळाले. एरवी बेल्ट हजार मैलांच्या पुढे सहज जातो. तो इतक्या लवकर जातो तेव्हा पुढचा आणि मागचा क्लच एका रेषेत नसल्याचा संशय घ्यावा लागतो, आणि आपटलेल्या गाडीत ती रेष बिघडण्यामागे बहुतेक वेळा वाकलेला सांगाडा असतो.

टू हार्बर्सकडच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने गाडी उचलून धरली आणि कोणतेही यंत्र न लावता आधी फक्त टाय रॉडकडे, म्हणजे हँडलचे वळण स्कीपर्यंत पोचवणाऱ्या दांड्यांकडे, बोट दाखवले. डाव्या टाय रॉडचे चार आटे बाहेर दिसत होते, उजव्याचे अकरा. सांगाडा तिरका राहिल्यामुळे स्की सरळ दिसाव्यात म्हणून कोणीतरी उजवा रॉड लांबवून वेळ मारून नेली होती. मग त्याने टेपचे एक टोक टनेलच्या मागच्या बाजूला मधोमध असलेल्या छिद्राशी माझ्या हातात दिले आणि दोन्ही बाजूंच्या खालच्या ए-आर्मच्या बोल्टपर्यंतची अंतरे मोजली. ती सारखी असायला हवीत; माझ्या गाडीत त्यांच्यात जवळजवळ अर्ध्या इंचाचा फरक होता. शेवटी त्याने बल्कहेडच्या आतल्या काळ्या रंगावर पाते घासले, तेव्हा खाली ठेवलेल्या ट्रेमध्ये राखाडी भुकटी पडली. ती लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, होती. वाकलेले ॲल्युमिनियम ठोकून जमेल तितके सरळ केले होते, सुरकुत्यांवर लांबी भरली होती आणि वरून रंगाचा फवारा मारला होता. टनेलशी जोडणारे रिव्हेट कारखान्यातलेच होते, म्हणजे सांगाडा सुटा केलाच नव्हता.

वर्कशॉपने आधी सगळे नाकारले आणि नंतर दुरुस्त केलेला भागही तितकाच मजबूत असल्याचा दावा केला. मी भाग विकत घेतल्याची पावती मागितली. ती आली नाही. बिलावरचा पार्ट नंबर घेऊन मी एका अधिकृत विक्रेत्याकडे गेलो, तर तो माझ्या मॉडेलचा नव्हताच, जुन्या सांगाड्याच्या गाडीचा होता. हा एक कागद, टेप लावलेले फोटो आणि त्या म्हाताऱ्याचे लेखी मत एवढे मी इन्शुरन्स कंपनीला पाठवले, तेव्हा कुठे तिने स्वतःचा माणूस गाडी पाहायला पाठवला.

मिनेसोटात स्नोमोबिलची नोंदणी नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाकडे होते, पण मोटारीला असतो तसा मालकीचा टायटल कागद तिला नसतो. त्यामुळे मोडून जोडलेल्या मोटारीच्या टायटलवर जो शिक्का बसतो, तसा शिक्का बसायला इथे जागाच नाही. म्हणजे मला काही कळले नसते आणि मी ही गाडी कोणाला विकली असती, तर बिलावर नवा बल्कहेड दाखवून, अगदी प्रामाणिकपणे, मीच त्याला फसवले असते. जुनी गाडी घेताना मालकाच्या बिलावर विसंबू नका, हुड उघडून आटे मोजा आणि टेप लावा. दुरुस्ती करून घेत असाल तर काम सुरू होण्याआधीच लेखी ठरवा: इंजिन उतरलेले असताना एकदा स्वतः जाऊन सांगाडा पाहायचा आणि जुने भाग परत घ्यायचे.

इन्शुरन्स कंपनीने तिचे पैसे कसे वसूल केले ते मला सांगितलेले नाही. माझे डिडक्टिबल आणि दोन बेल्टांचे पैसे छोट्या दाव्यांच्या न्यायालयात अर्ज केल्यावर, सुनावणीच्या आठवडाभर आधी, चेकने आले. सोबत पत्र नव्हते. बल्कहेड या वेळी खरोखर बदलला आहे, आणि जुना गॅरेजमध्ये भिंतीला टांगून ठेवला आहे.