नदी ओलांडणारी बोट: व्हेक्टरचा त्रिकोण काढायचा की कॉम्पोनंट पाडायचे?

सापेक्ष वेगातली नदी-बोटीची गणितं करायच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्ही तुम्ही पाहिलेल्या असणारच, एक तर तीन बाण (बोटीचा वेग, प्रवाहाचा वेग आणि दोन्ही मिळून होणारा प्रत्यक्ष वेग) जोडून त्रिकोण काढायचा किंवा मग काठाच्या दिशेने एक्स आणि पलीकडे जायच्या दिशेने वाय धरून कॉम्पोनंट पाडायचे, म्हणजे वेगाचे या दोन दिशांतले भाग वेगळे करायचे. दोन्ही बरोबर आहेत, उत्तरही एकच येतं, प्रश्न फक्त हात कशावर बसवायचा एवढाच आहे. मी बराच काळ त्रिकोणच काढायचो, नंतर बदललो, आणि त्याला कारण एकच.

एकच उदाहरण धरून चालूया. पात्र २०० मीटर रुंद, स्थिर पाण्यात बोटीचा वेग ५ मीटर प्रति सेकंद, प्रवाहाचा ३.

आधी त्रिकोणाच्या बाजूने बोलतो, कारण ती पद्धत खरंच देखणी आहे. बोट कुठे तोंड करून उभी आहे आणि प्रत्यक्षात कुठे सरकतेय हे एका नजरेत दिसतं. कॉम्पोनंटमध्ये हे चित्र दिसत नाही, तिथे नुसती दोन समीकरणं असतात, आणि ज्यांना आकृतीशिवाय सुचतच नाही त्यांना ते कोरडं वाटतं, ते मला मान्य आहे.

पण माझं घोडं अडलं ते कर्णापाशी. बोट बरोब्बर समोरच्या काठावर पोचली पाहिजे, किती वेळ लागेल, असा साधा प्रश्न परीक्षेत होता. मी सवयीने काटकोन त्रिकोण काढला, ५ आणि ३ या काटकोनाच्या दोन बाजू धरल्या, रिझल्टंट, म्हणजे दोन्ही मिळून होणारा प्रत्यक्ष वेग, वर्गमूळात ३४, म्हणजे साधारण ५.८३, आणि २०० ला त्याने भागून ३४ सेकंद लिहून आलो. आकृती नीट होती, आकडेमोड बरोबर होती, उत्तर साफ चूक. कारण समोर जायचं असेल तर कर्ण हा ५ असतो, रिझल्टंट नाही, बोटीचं तोंड प्रवाहाच्या उलट वळवावं लागतं आणि काठावरून दिसणारा वेग ४ उरतो, वेळ ५० सेकंद. तोंड सरळ समोर ठेवून प्रवाहाबरोबर वाहत गेलं तरच ५ आणि ३ काटकोनात येतात आणि कर्ण ५.८३ होतो. म्हणजे बोट तीच, नदी तीच, पण प्रश्नातला एक शब्द बदलला की कर्ण बदलतो, आणि घाईत तो शब्दच निसटतो. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की या बोटीला २०० मीटर ओलांडायला कमीत कमी ४० सेकंद लागणारच, त्याहून लवकर ती कशीही पोचू शकत नाही, आणि मी ३४ लिहिले होते, तरी आकृतीकडे बघून शंकासुद्धा आली नाही.

कॉम्पोनंटमध्ये ही चूक करायला जागाच फारशी राहत नाही. थीटा म्हणजे बोटीचं तोंड ओलांडायच्या सरळ रेषेपासून प्रवाहाच्या उलट किती वळवलंय तो कोन. पलीकडे नेणारा वेग फक्त बोटीचा, ५ कॉस थीटा, प्रवाहाचा त्यात काही संबंध नाही. कॉस थीटा कितीही वाढला तरी १, म्हणून ४० सेकंदांच्या खाली जाताच येत नाही, हे समीकरण लिहितानाच दिसतं. मग एक्समध्ये प्रवाहाचा ३ वजा ५ साइन थीटा. समोर पोचायचं असेल तर हे शून्य ठेवा, थीटा ३७ अंश. कमीत कमी वेळात जायचं असेल तर थीटा शून्य, ४० सेकंद, आणि तेवढ्या वेळात १२० मीटर खाली वाहत जाणं. प्रश्न बदलला तरी त्याच दोन ओळी वापरायच्या, नवी आकृती लागत नाही.

कोनाची एक भानगड मात्र दोन्हीकडे आहे. तोच ३७ अंश कुणी ओलांडायच्या रेषेपासून मोजतं, कुणी काठापासून ५३ म्हणतं, कुणी प्रवाहाच्या दिशेपासून १२७, आणि तिन्ही बरोबर असतात. त्यामुळे उत्तर जुळलं नाही तर लगेच खोडू नका, आधी कोन कुठून धरलाय ते बघा. मी पहिल्या ओळीतच थीटा कुठून मोजला ते शब्दात लिहून ठेवतो.

आता जिथे त्रिकोण सरळ जिंकतो ती जागा. आकडे उलटे करा, बोट ३ आणि प्रवाह ५. आता समोर पोचणं शक्यच नाही, साइन थीटा १ पेक्षा मोठा येईल. मग कमीत कमी वाहत जायचं असेल तर काय? कॉम्पोनंटने गेलात तर डेरिव्हेटिव्ह काढून शून्य ठेवावा लागतो. त्रिकोणात प्रवाहाच्या ५ च्या बाणाच्या टोकावर ३ त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आणि सुरुवातीच्या बिंदूपासून त्याला स्पर्शिका, झालं, स्पर्शिका म्हणजेच प्रत्यक्ष मार्ग. साइन थीटा ३/५, वाहत जाणं साधारण २६७ मीटर, तर तोंड सरळ ठेवलं असतं तर ३३३. हे उत्तर मी आजही असंच काढतो.

एक तिसरा रस्ताही आहे, पाण्याबरोबर वाहत जाऊन बघायचा. बोट प्रवाहाच्या उलट चाललीय, पुलाखाली वल्हं पडलं, अर्ध्या तासाने कळलं, लगेच वळून पुलाच्या ३ किलोमीटर खाली ते सापडलं, तर प्रवाह किती? पाण्याच्या नजरेने वल्हं जागेवरच आहे, जायला अर्धा तास तर यायलाही अर्धा, एक तासात ३ किलोमीटर, बोटीचा वेग लागलाच नाही. सुंदर आहे, पण पलीकडचा काठच सरकताना दिसायला लागतो म्हणून ओलांडायच्या गणितात मी फारसं वापरत नाही.

मग तुम्ही काय धरावं? आकृतीवर हात बसला असेल आणि कर्ण ओळखताना तुमची गल्लत होत नसेल तर बदलायची गरज नाही असं मला वाटतं. पण नुकतीच सुरुवात असेल तर मी कॉम्पोनंटच सांगेन, आणि पुढे प्रवाह सगळीकडे सारखा नसलेली गणितं आली की ते जास्तच पटेल. समजा काठाशी प्रवाह शून्य, मध्यावर ६, आणि मधे सरळ रेषेत वाढत जाणारा. तोंड सरळ ठेवलेली बोट आता वाकड्या वाटेने जाते, प्रत्येक क्षणी त्रिकोण वेगळा, कुठला म्हणून काढणार? कॉम्पोनंटवाल्याचं वाय तसंच राहतं, ४० सेकंद, एक्समध्ये सरासरी ३ धरायचा, १२० मीटर.